ट्यूनिका कटऑफवर थंडीतली क्रॅपी फिशिंग: गाइडचे पैसे वसूल होतात का?

अमेरिकेत मेम्फिसच्या आसपास राहणाऱ्या आणि मासे पकडायची (मुख्य म्हणजे खायची) हौस असलेल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, कारण मी क्रॅपी नावाच्या माशाच्या फिशिंगसाठी गाइडचं बुकिंग करायला बसलो तेव्हा आपल्या माणसानं लिहिलेलं काहीच सापडलं नव्हतं. थोडक्यात सांगायचं तर गाइड एकदम भारी, बोट ठीकठाक, थंडी जीवघेणी, आणि शेवटी मासे साफ करून देतात ते बघून आपल्या माणसाचा जीव तुटतो. पाचपैकी चार स्टार.

जागा कुठली तर मेम्फिसहून हायवे ६१ नं दक्षिणेला गेलं की ट्यूनिका, कसिनोवालं, ते सगळ्यांना माहितीच आहे. लेव्ही म्हणजे पुराचा बांध ओलांडून पलीकडे उतरलं की ट्यूनिका कटऑफ हे तळं लागतं. भूगोलात नालाकृती सरोवर शिकलो होतो ना, तेच, फक्त इथं नदीनं आपणहून वळण सोडलेलं नाही, पुराचं पाणी लवकर निघून जावं म्हणून आर्मीच्या इंजिनिअर कोअरनं १९४२ मध्ये मिसिसिपीचं वळण कापलं आणि जुनं पात्र बाजूला पडलं. राज्याची हद्द मात्र जुन्या पात्रातूनच जाते, त्यामुळे बोट इकडं असली की मिसिसिपी राज्य आणि जरा तिकडं सरकली की आर्कान्सा. काठावरची घरं सगळी खांबांवर, खाली आख्खा ट्रक उभा राहील एवढ्या उंच. पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं काय येडेपणा आहे हा, पण नंतर नदीचे आकडे बघितले की कळतं.

आणि हे आकडे समजल्याशिवाय इथं पैसे घालवू नका. तळं एका अंगाला अजून नदीला जोडलेलं आहे, नदी चढली की तळं चढतं, उतरली की उतरतं. मेम्फिसच्या गेजवर म्हणजे नदीची पातळी मोजायच्या पट्टीवर २०११ च्या मे महिन्यात ४८ फूट होतं आणि २०२२ च्या ऑक्टोबरात मायनस १० च्याही खाली (शून्य म्हणजे नदीचा तळ नाही, एक ठरवलेली खूण आहे, म्हणून मायनस जातं). थंडीत तर अजून गंमत. इथं आठवडाभर कडक ऊन आणि तरी पाणी वाढतंय, कारण पाऊस पडला तो वर ओहायोच्या खोऱ्यात, ते पाणी कैरोला (इजिप्तचं नव्हे, इलिनॉयमधलं) मिसिसिपीत शिरतं आणि काही दिवसांनी आपल्याकडं पोचतं. पाणी भराभर चढलं की गढूळ होतं, मासे खोल जागा सोडून काठच्या बुडालेल्या विलोच्या झाडांत पांगतात आणि मग बसा शोधत. हळूहळू उतरणारं किंवा एका जागी थांबलेलं पाणी सगळ्यात चांगलं, असं आमच्या गाइडचं म्हणणं, आणि मला तरी ते पटलं.

मी त्याला चार स्टार देतोय ते याच्यासाठीच. आमची तारीख ठरली होती, मेव्हणा नाशिकहून आलेला, थर्मल वगैरे खरेदी झालेली, आणि आदल्या दिवशी गाइडचा फोन की नदी चढतेय, येऊ नका, मी तुमचे पैसे घेऊन तुम्हाला नुसती थंडी खायला घालणार नाही, पुढच्या आठवड्यात या. मेव्हणा वैतागला, पण याच्या आधी मी दुसऱ्या एका गाइडबरोबर गेलो होतो (नाव लिहीत नाही), त्यानं चढत्या पाण्यातच नेलं, दिवसभर चहाच्या रंगाच्या पाण्यात गळ बुडवून बसवलं आणि संध्याकाळी हात वर करून म्हणाला, फिशिंग आहे, कॅचिंग नाही. रिफंडचं नाव नाही.

आता प्रत्यक्ष फिशिंग. क्रॅपी म्हणजे अंगानं आपल्या काळुंदरासारखा चपटा मासा, चंदेरी, त्यावर काळे ठिपके. जानेवारीत पाणी ४६ डिग्री फॅरनहाइट होतं, एवढ्या गारठ्यात तो सुस्त असतो, पंधरा-वीस फुटांवर बुडालेल्या लाकडांच्या आसपास थवा करून नुसता तरंगत राहतो. गाइडकडे गार्मिनचं लाइव्हस्कोप आहे, म्हणजे बोटीसमोरचं पाण्याखालचं चित्र स्क्रीनवर लाइव्ह दिसतं, मासाही दिसतो आणि आपली एवढुशी जिगही (म्हणजे गळाला लावलेलं खोटं आमिष) ठिपका म्हणून दिसते. सूचना एकच, जिग माशाच्या वर ठेवा, कारण क्रॅपी वर बघतो, खाली गेलेल्या आमिषाकडे ढुंकत नाही. आणि हिसका बसेल म्हणून वाट बघू नका, बरेचदा मासा खालून येऊन जिग उचलतो तेव्हा दोरी ताणली जायच्या ऐवजी चक्क ढिली पडते, ती ढिली पडली की हलकेच रॉड उचलायचा. जोरात ओढलात तर तोंडाची कातडी इतकी पातळ असते की फाटते आणि मासा गेला. स्क्रीनवर मधूनच मोठाले ढग दिसतात, ते बफेलो आणि कार्प नावाचे मासे. आपल्या रोहू-कटल्याचे भाऊबंद, पण इथं त्यांना कोणी विचारत नाही.

स्क्रीनबद्दल माझं स्पष्ट मत असं की पहिला तासभर मजा येते, नंतर तो मोबाइल गेम होतो. मेव्हणा तर मान वर करून तळ्याकडं बघेना, डोक्यावरून बदकांचे थवेच्या थवे चाललेत आणि हा ठिपक्यांवर नजर लावून. मी दुपारी गाइडला म्हटलं स्क्रीन बंद कर, साधी मिनो, म्हणजे आमिषाची छोटी मासळी, लावून दे, जिवंत. त्यानं तोंड जरा वाकडं केलं पण दिली. मासे कमी लागले, मला चाललं.

बोटीला वाऱ्याचा काही आडोसा नाही, तेवढा एक स्टार तिथं कापला. हिटर आहे म्हणून सांगितलं होतं, तो निघाला पायाशी ठेवायचा छोटा गॅसचा, हात बर्फ झालेले. बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवर टॉयलेट नाही, बायकामुलांना नेणार असाल तर कसिनोतच उरकून घ्या. पाणी उतरलेलं असेल तर रॅम्पवर नदीचा गाळ राहतो, चिकट आणि निसरडा, रबरी बूट पाहिजेतच. लायसन्स आधी ऑनलाइन काढा, मेम्फिस टेनेसीत, म्हणून आपल्याला नॉन रेसिडेंट म्हणजे परराज्यातल्यांचं लागतं. आम्ही दोघांचे अर्ध्या दिवसाचे ३५० डॉलर दिले, टिप वेगळी.

आता साफसफाई. गाइड इलेक्ट्रिक सुरी घेतो, दोन मिनिटांत दोन्ही बाजूंचे तुकडे काढतो, उरलेलं सगळं बादलीत. मुंडकी, काटे, आणि एकदोघींच्या पोटात कोवळी गाबोळी होती तीसुद्धा! मी अक्षरशः हात धरला त्याचा. मग उरलेले अख्खे घेतले, घरी येऊन खवले काढले, तुकड्या रव्यात तळल्या आणि मुंडक्यांचं तिरफळ घालून कालवण केलं. चिखलाचा वास अजिबात नाही, मांस पांढरं आणि गोडसर. तेव्हा बुकिंगच्या फोनवरच सांगून ठेवा की मासे अख्खे पाहिजेत, बादली भरल्यावर सांगून उपयोग नाही.