राजीनाम्याची तारीख ठरवायला सल्लागार: फी वसूल, पण बोनसचं आपण पाहावं

पगारपत्रकं करणं हेच माझं काम. घाईत राजीनामा देऊन कोण किती पैशांवर पाणी सोडतं, ते दर महिन्याला समोर दिसतं. तरी स्वतःची वेळ आली तेव्हा एका करिअर सल्लागाराचं तासाभराचं ऑनलाइन सत्र घेतलं, कारण ऑफर हातात आली की माझंसुद्धा डोकं ठिकाणावर राहत नाही.

गृहस्थांनी आधी दोन कागद मागवले: चालू नोकरीचं नेमणूकपत्र आणि नवं ऑफर लेटर. ऑफरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत अट होती, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (म्हणजे उमेदवाराने दिलेल्या माहितीची पडताळणी) आणि वैद्यकीय तपासणी समाधानकारक झाली तरच नेमणूक पक्की. ते म्हणाले, "दोन्ही झाल्याचं लेखी येऊ द्या, मगच राजीनामा." नव्या ठिकाणची एचआर फोनवर सांगत होती, "ती फक्त फॉर्मॅलिटी आहे हो, तुम्ही देऊन टाका." हेच तिच्याकडून ईमेलवर मागा, असं त्यांनी सुचवलं. ईमेल काही आला नाही, पण रेंगाळलेली तपासणी भराभर हलली. माझी फी तिथेच वसूल झाली.

जॉइनिंगच्या तारखेचा सल्लाही नेमका होता. ऑफरमध्ये ठरावीक तारीख होती. पडताळणी लांबली असती तर राजीनामाही लांबला असता, आणि त्या तारखेआधी माझा नोटीस पीरियड पुरा झाला नसता. तारीख 'राजीनामा दिल्यापासून नोटीस पीरियड संपल्यावर' अशी बदलून घ्या म्हणाले, आणि समोरच्यांनी कुरकुर न करता बदलली. काही ठिकाणी राजीनामा देताच त्याच दिवशी लॉगिन बंद करतात, म्हणून स्वतःच्या पगाराच्या स्लिपा आधीच काढून ठेवायलाही सांगितलं. फक्त स्वतःच्या, कंपनीच्या फायली नव्हेत, हे त्यांनी दोनदा बजावलं ते बरंच केलं.

बोनसच्या बाबतीत मात्र सल्ला तोकडा पडला. "खात्यात जमा झाला की राजीनामा द्या," एवढंच. बऱ्याच योजनांमध्ये रक्कम देण्याच्या दिवशी माणूस नोटीसवर असला तरी बोनस बुडतो, आणि कुठे कुठे वर्षाच्या आत सोडलं तर दिलेलाही परत घेतात, हे मीच त्यांना सांगत बसले. ते लिहून घेत होते! काउंटर-ऑफर, म्हणजे आपण जाऊ नये म्हणून चालू कंपनी देते ती नवी ऑफर, स्वीकारू नये यावरचं प्रवचन लांबलं. राजीनाम्याचा नमुना तर इतका गहिवरलेला, की निरोप समारंभातच वाचावा. मी तीन ओळी ठेवल्या: पद सोडत आहे, कामाचा शेवटचा दिवस, सही.

नोटीस लहान आणि ऑफर विनाअट असेल तर या सत्राची गरज नाही. अटी असतील, नोटीस महिनोन्‌महिने असेल, तर जरूर घ्या. बोनसची नियमावली मात्र स्वतः वाचून जा. पाचपैकी साडेतीन तारे. तो अर्धा त्या नमुन्याने खाल्ला.