ड्रो लढवय्या: घराण्याचा शिपाई की भाडोत्री?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळात मेन्झोबेरान्झन या भूमिगत शहरातला, हलक्या कुळातला ड्रो (जमिनीखाली राहणारा काळा एल्फ) खेळायचाय, पण घराण्याचा शिपाई करू की ब्रेगन डेर्थ या भाडोत्री सैनिकांच्या टोळीतला भाडोत्री, यावर मित्राचं घोडं अडलंय.

पोटापाण्याला घराणं बरं. टोळीत काम असेल तसं दाम. जिवाचं गणित मात्र मजेशीर आहे. घराणं बुडालं की कत्तल उच्चकुलीनांची होते, साध्या शिपायांना बहुधा जिंकणारेच ठेवून घेतात. मालकीण बदलते, सर्पमुखी चाबूक तोच! बढतीचं विचारूच नका: घराणी चालवणाऱ्या, लोल्थ या कोळ्यांच्या देवीच्या पुजारिणींपुढे पुरुषाने मान वर करायची सोय नाही. टोळीचा म्होरक्या जार्लॅक्सल कूळ नाही, कसब बघतो. उन्हात डोळे दोघांचेही दिपतात.

दबलेला राग, कारस्थानं रंगवायची असतील तर शिपाई. कथा भूपृष्ठावर फिरणार असेल तर भाडोत्रीच घ्यावा; शिपाई तिथे छाप्याशिवाय दिसला तर बहुधा पळूनच आलेला.