बाळांच्या काविळीसाठी टेबलावरचा बिलिरुबिनोमीटर: आठ महिने वापरल्यावर

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालरुग्णालयाची लॅब मी सांभाळते. लॅब कसली, जिन्याखालची खोली. आधी बाळाचं बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य, ते वाढलं की कावीळ दिसते) तपासायला रक्त बाहेरच्या लॅबला जायचं आणि रिपोर्ट यायला चार-पाच तास लागायचे. तोवर सर, म्हणजे आमचे डॉक्टर, डोळ्यांनी अंदाज बांधून लाईट (काविळीवरचा निळा प्रकाश, फोटोथेरपी) लावायचे. सावळ्या बाळाच्या अंगावर, ट्यूबलाईटखाली, पिवळेपणा किती ते कुणाला नीट दिसतं? म्हणून छोटा बिलिरुबिनोमीटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, या जातीची यंत्रं साधारण एकाच तत्त्वावर चालतात.

टाच टोचून दोन कॅपिलरी (केसासारख्या बारीक काचनळ्या) भरायच्या, एक टोक क्लेने, म्हणजे मऊ मातीने, बंद करायचं आणि सेंट्रिफ्यूजला पाच मिनिटं फिरवायच्या. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळा प्लाझ्मा राहतो. नळी खाचेत ठेवली की यंत्र तिच्यातून आधी निळा प्रकाश सोडतं, मग हिरवा. निळा प्रकाश बिलिरुबिनही खातं आणि हिमोग्लोबिनही. हिरवा फक्त हिमोग्लोबिन. एकातून दुसरं वजा केलं की बिलिरुबिन उरतं. मोठ्या लॅबमध्ये डायझो नावाची रासायनिक पद्धत असते, इथे रसायनच नाही. रक्त म्हणाल तर थेंबभर पुरतं, दीड किलोच्या बाळासाठी हे फार मोठं आहे.

आता एप्रिलमधली गोष्ट. ३७ आठवड्यांचं बाळ, जन्माला ६८ तास झालेले, आई ओ पॉझिटिव्ह. सिस्टरने एकदाच शिरेतून रक्त काढलं. त्यातूनच माझ्या कॅपिलरी भरल्या आणि उरलेलं, टोटल-डायरेक्ट (एकूण बिलिरुबिन आणि त्यातलं यकृताने प्रक्रिया केलेलं) करायचं म्हणून, बाहेरच्या लॅबला दिलं. माझा आकडा आला १७.६ (मिलिग्रॅम, दर डेसिलिटरला). दुपारी त्यांचा आला १३.९. रिपोर्ट आधी आजींच्या हातात पडला. "बाई, बघा की, उतरली कावीळ! लाईट काढा आता, पोरगं रडून रडून अर्धं झालंय."

एकाच टोचणीचं रक्त आणि पावणेचार मिलिग्रॅमचा फरक. आधी मी माझ्याच यंत्रावर संशय घेतला. कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावून पाहिलं, बरोबर आलं. मग सॅम्पल न्यायला येणाऱ्या मुलाला फोन केला. व्हायल पारदर्शक पिशवीत, पिशवी गाडीच्या हँडलला, आणि वाटेत आणखी तीन दवाखाने. एप्रिलचं सोलापूरचं ऊन! बिलिरुबिन प्रकाशात विघटित होतं. म्हणून तर बाळाला लाईटखाली ठेवतात, आणि तेच व्हायलमध्येही होतं. सरांनी लाईट चालू ठेवला. संध्याकाळी पुन्हा रक्त काढलं, या वेळी व्हायलला स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळून दिली. माझ्याकडे १६.८, त्यांच्याकडे १६.३. त्या दिवसापासून फॉइलचा रोल लॅबच्या खणात आहे.

गंमत म्हणजे फोटोथेरपीच्या शोधातही अशीच एक उन्हात राहिलेली व्हायल आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ मध्ये सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं अंग फिकं झालं होतं, पण चादरीने झाकलेला भाग पिवळाच होता. पुढे काही आठवड्यांनी खिडकीत विसरलेल्या रक्ताच्या नळीचं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा खूपच कमी आलं, आणि डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांना दुवा लागला. १९५८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. (यावरून कोवळं ऊन दाखवा असं कुणी काढू नये. आपल्याकडे बाळ उन्हात ठेवून दवाखान्यात उशिरा आणणारे रोज भेटतात.)

आमच्याही चुका आहेत. नवी सिस्टर निळ्या लाईटखालीच टाच टोचत होती, आता आधी लाईट बंद. टाच दाबून दाबून रक्त काढलं की पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी दिसतो. थोडं गुलाबी हे यंत्र सावरून घेतं, पण फार लाल असेल तर मी आकडा देत नाही, पुन्हा टोचायला सांगते. डायझो पद्धतीत अशा सॅम्पलचा आकडा कमी येऊ शकतो, तो जास्त घातक. आणि एकदा खाचेच्या काचेवर रक्ताचा पुसट डाग होता, दिवसभर सगळीच बाळं पिवळी! चूक माझीच होती. आता रोज सकाळी स्पिरिटचा कापूस फिरवायचा, मगच कंट्रोल.

जे जमत नाही तेही सांगते. यंत्र फक्त टोटल देतं, डायरेक्ट नाही. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल, शी पांढुरकी असेल, तर डायरेक्ट बघावंच लागतं. पित्तनलिकाच बंद असलेल्या बाळाचं ऑपरेशन शक्यतो दोन महिन्यांच्या आत व्हावं लागतं. महिन्याभराच्या पुढच्या बाळालाही हे यंत्र नको, आहारातले पिवळे रंग रक्तात येऊ लागले की हिशेब चुकतो.

आकडे जुळवण्याबद्दल पालकांशी माझं रोज भांडण होतं. अमेरिकेच्या प्रयोगशाळा-नियमांत बिलिरुबिनला २० टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. म्हणजे खरं १५ असताना एक लॅब १३ आणि दुसरी १७ देईल, आणि दोघी नियमात. म्हणून काल एका लॅबचा आकडा, आज दुसरीचा, असं लावून कावीळ चढली की उतरली ते ठरवू नये. एकच जागा धरा. आणि कागदावर रक्त काढल्याची वेळ लिहून घ्या. पूर्ण दिवसांच्या बाळाला ३० तासांवर १५ म्हणजे लाईट लावायचा आकडा, ६० तासांवर तोच बहुधा नुसतं लक्ष ठेवण्याचा. वेळ नसलेला रिपोर्ट सर परत पाठवतात, माझासुद्धा.

आठ महिन्यांत तक्रार एकच, सर्व्हिस. मे महिन्यात यंत्र बंद पडलं, इंजिनिअर अकरा दिवसांनी आला, फ्यूज गेला होता. त्या अकरा दिवसांत पुन्हा मोटारसायकलवाला, फक्त फॉइलसकट.

परवा सर त्वचेला टेकवून वाचणारं यंत्र बघून आले. टोचायची भानगड नाही, चाळणी म्हणून उत्तम. पण ते यंत्र त्वचा वाचतं, रक्त नाही. लाईट चालू असताना त्वचा आधी फिकी होते, मग त्याचा भरवसा नाही, आणि १५ च्या घरात गेलं की रक्त काढावंच लागतं. "घ्या सर," म्हटलं, "फक्त माझा सेंट्रिफ्यूज विकू नका."