प्रिंटवरची काळी रेघ आणि १४,९९० रुपयांचे बिल

लेझर प्रिंटरच्या प्रिंटवर रेघ येऊ लागली, ठिपके पडू लागले किंवा अक्षरे पुसट झाली, तर ‘अधिकृत सेवा केंद्र’ असे इंटरनेटवर शोधून सर्वांत वर दिसेल तो क्रमांक कृपा करून फिरवू नका. तशा एका फोनमुळे माझे १४,९९० रुपये गेले. त्याहून संताप याचा येतो, की माझ्या प्रिंटरमधला धडधाकट फ्यूझर (छापलेली भुकटी तापवून कागदावर पक्की करणारा भाग) काढून नेण्यात आला, त्या जागी कुठल्या तरी भंगारातला जळका फ्यूझर बसवण्यात आला आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले गेले. खोटे ग्राहक सेवा क्रमांक, बनावट ओळखपत्रे, आधी व्हिजिट चार्ज आणि मग वाढत जाणारे बिल, हा प्रकार आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे. प्रिंटरच्या बाबतीत तो नेमका कुठे पकडता येतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही आणि मला तेच सांगायचे आहे.

तालुक्याच्या गावी न्यायालयाजवळ माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. करारनामे, भाडेकरार, दाव्यांचे कागद हे माझे रोजचे काम, आणि त्यातला बराच भाग थेट मुद्रांकावर छापायचा असतो. पूर्वी ज्या दस्तांना १०० रुपयांचा मुद्रांक चालत असे, त्यांतल्या पुष्कळांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा लागतो. अशा मुद्रांकाच्या मधोमध काळी रेघ उमटली, तर पक्षकार नुकसानभरपाई कोणाकडे मागणार, हे सांगायला नको. प्रिंटवर उभी बारीक रेघ आणि डाव्या बाजूला सारख्या अंतराने पडणारा ठिपका दिसू लागला, तेव्हा दुकानात माणसे खोळंबली होती आणि एका वकीलसाहेबांना दुपारच्या आत कागद दाखल करायचे होते. ज्यांच्याकडे मी नेहमी कार्ट्रिज भरून घेते ते मेकॅनिक परगावी गेले होते. घाई केली असे आज मला सगळे सुनावतात, पण ज्याचे पोट त्या यंत्रावर आहे त्याने त्या क्षणी दुसरे काय केले असते, हे कोणी सांगत नाही.

फोनवरचा मनुष्य शुद्ध आणि नम्र भाषेत बोलला, प्रिंटरचे मॉडेल त्याने स्वतःहून अचूक ओळखले आणि व्हिजिट चार्जचे ५९० रुपये आधी यूपीआयने भरायला सांगितले. पाचशे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हा हिशेब इतका बरोबर होता की शंका यायला जागाच उरली नाही. दोन तासांत गणवेश घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तंत्रज्ञ दारात उभा राहिला. ओळखपत्रावर कंपनीचे बोधचिन्ह होते, आणि ते बोधचिन्ह कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दहा रुपयांत रंगीत छापून मिळते, हे मी दुकानदार म्हणून सांगते. ओळखपत्र हा पुरावाच नव्हे. कंपनीच्या खऱ्या क्रमांकावर नोंदवलेली तक्रार आणि तिचा क्रमांक हाच काय तो पुरावा, आणि तो खरा क्रमांक प्रिंटरच्या खोक्यावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो, तिथूनच घ्यावा.

त्याने एक प्रिंट काढली, ती उजेडात धरली आणि म्हणाला, “मॅडम, फ्यूझर गेला आहे, टेफ्लॉन फाटले आहे. असेच चालवले तर लॉजिक कार्डही जाईल.” टेफ्लॉन म्हणजे फ्यूझरवरचे आवरण आणि लॉजिक कार्ड म्हणजे प्रिंटरचा मुख्य सर्किट बोर्ड. टोनरची भुकटी कागदावर उष्णतेने आणि दाबाने वितळवून पक्की करण्याचे काम फ्यूझर करतो, हे मला ठाऊक होते, म्हणून त्याचे बोलणे खरे वाटले. या लोकांचे कसब इथेच आहे. ते साफ खोटे बोलत नाहीत, खऱ्या माहितीला खोटा निष्कर्ष चिकटवतात.

आता जे लिहिते आहे ते मनातून जात नाही. त्याने फ्यूझर बदलला आणि प्रिंट काढली. रेघ त्याच जागी होती, ठिपकाही त्याच अंतरावर होता, अगदी जसाच्या तसा. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि तसे त्याला विचारलेही. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “नवा रोलर आहे, वीस-पंचवीस पाने जाऊ द्या, आपोआप बसेल, पण तुमचे कार्ट्रिजही खराब झाले आहे, ते बदलू.” मग त्याने खोक्यातून कार्ट्रिज काढून घातले आणि पुढची प्रिंट स्वच्छ आली. फ्यूझर बदलून काहीही फरक पडला नाही आणि कार्ट्रिज बदलताच दोष नाहीसा झाला. याचा अर्थ दोष कार्ट्रिजमध्येच होता आणि फ्यूझरला हात लावायचे काही कारणच नव्हते. तो पुरावा माझ्यासमोर टेबलावर, पांढऱ्यावर काळा, पडलेला होता. त्याच क्षणी मी जुना फ्यूझर परत बसवायला लावायला हवा होता. पण स्वच्छ कागद हातात आला होता, पक्षकार घाई करत होते, आणि प्रिंट सुधारली म्हणजे माणूस खरा, असे कोणालाही वाटले असते.

तपासण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नव्हती, साधी पट्टी पुरली असती. पानावर सारख्या अंतराने पडणारा डाग हा कोणत्या तरी फिरणाऱ्या भागाचा असतो, आणि दोन डागांमधले अंतर म्हणजे त्या भागाचा घेर. माझ्या पानांवरचे अंतर मी नंतर मोजले, ते ७५ मिलिमीटर भरले. लहान लेझर प्रिंटरांच्या कार्ट्रिजमधला ड्रम, म्हणजे ज्या नळकांड्यावर आधी भुकटीची प्रतिमा उमटते तो भाग, बहुधा २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याचा घेर साधारण तेवढाच येतो. म्हणजे ड्रमवर ओरखडा होता. उभी सलग काळी रेघ हीदेखील बहुतेक वेळा ड्रमवरच्या चरीची किंवा उरलेली भुकटी खरवडणाऱ्या ब्लेडच्या झिजेची खूण असते. फ्यूझर खरोखर बिघडला, तर सहसा छापलेली अक्षरे बोटाने चोळली असता पुसली जातात किंवा भुकटी कागदावरून निघते. माझी अक्षरे घट्ट बसलेली होती. बोटाने चोळून पाहायला किती वेळ लागतो?

आणखी एक खात्रीची चाचणी आहे, ती त्याने केली नाही, आणि जो तंत्रज्ञ ती न करता फ्यूझरचे नाव घेतो त्याला तिथेच थांबवावे. पान अर्धे आत गेले असताना प्रिंटरचे झाकण उघडून छपाई मधेच थांबवायची आणि कागद अलगद बाहेर काढायचा. फ्यूझरपर्यंत न पोहोचलेल्या भागावरची भुकटी अजून कच्ची असते. त्या कच्च्या भागावरच रेघ किंवा ठिपका दिसत असेल, तर फ्यूझर निर्दोष आहे. तिथे छपाई स्वच्छ असेल आणि बाहेर आलेल्या पानावरच डाग दिसत असेल, तर फ्यूझरवर संशय घ्यायला हरकत नाही. फ्यूझर साधारण दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्यामुळे त्याच्या जवळ बोट नेऊ नका.

बिलाचा तपशील जसा होता तसा देते. व्हिजिट चार्ज ५९० रुपये, फ्यूझर असेंब्ली ६,८५० रुपये, ‘ओरिजिनल’ कार्ट्रिज ३,४०० रुपये, सर्व्हिसिंग १,२०० रुपये आणि एक वर्षाचा देखभाल करार २,९५० रुपये. एकूण १४,९९०. देखभाल करार घेतला नाही तर फ्यूझरला हमी नाही, असे त्याने सांगितले. पैसे भरताना यूपीआयवर संस्थेचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. विचारले, तर “ते आमचे अकाउंटंट” हे उत्तर तयार होते. जुना फ्यूझर आणि जुने कार्ट्रिज त्याने पिशवीत घातले आणि काढलेले सुटे भाग कंपनीत जमा करावे लागतात असे म्हणाला. काढलेला प्रत्येक भाग तुमचा आहे. हमीत फुकट बदलला असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही पैसे मोजले असतील तर जुना भाग उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका.

पुढे काही दिवसांतच छपाईला राखी छटा येऊ लागली आणि करारातला क्रमांक लागेना. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने प्रिंटर उघडला, तेव्हा ‘नव्या’ फ्यूझरचे स्क्रू झिजलेले होते, टेफ्लॉनवर तपकिरी जळका पट्टा होता आणि ग्रीस सुकून खडखडीत झाले होते. कार्ट्रिज नव्या खोक्यात घातलेले, पुन्हा भरलेले निघाले. ड्रम, ब्लेड आणि चांगला टोनर मिळून त्यांनी ६५० रुपये घेतले, आणि माझ्या मूळ कार्ट्रिजलाही तेवढाच खर्च आला असता, असे सांगितले. ते ऐकताना मला जी लाज वाटली, ती खरे तर त्या लुटारूला वाटायला हवी होती.

ज्यांना हे टाळायचे आहे त्यांनी फोन उचलण्याआधी प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूमधून चाचणीचे पान काढावे. ते स्वच्छ असेल आणि रेघ फक्त झेरॉक्स प्रतीवर येत असेल, तर दोष छपाईचा नाही. वरच्या फीडरमधून कागद टाकताना ज्या अरुंद काचपट्टीवरून तो सरकतो, तिच्यावर शाईचा किंवा व्हाइटनरचा कण चिकटलेला असतो. ओलसर फडक्याने ती पुसली की काम होते, आणि एवढ्यासाठी लोकांकडून स्कॅनर बदलण्याचे पैसे घेतले गेले आहेत. उभी पांढरी रेघ असेल तर टोनर संपत आला आहे का हे आधी पाहावे, कार्ट्रिज आडवे धरून हलवावे. तरीही राहिली तर लेझरच्या काचेवर धूळ असू शकते. पावसाळ्यात उघड्या रिमचा कागद दमट होतो आणि छपाई ठिकठिकाणी फिकी पडते, तेव्हा नवे रिम फोडून पाहिल्याशिवाय कोणाचेही निदान मान्य करू नका. ड्रमला बोट लावू नका, तो उजेडात उघडा ठेवू नका, स्पिरिटने तर मुळीच पुसू नका.

आता यंत्रणांविषयी. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले, “ताई, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, वस्तूही मिळाली आहे, हा दिवाणी मामला आहे.” चोरीला गेलेल्या फ्यूझरची गोष्ट सांगितली, तर तो काय असतो हेच विचारले गेले आणि अर्ज ठेवून जा असे सांगण्यात आले. खोटे बोलून एखाद्याकडून पैसे आणि वस्तू काढून घेणे याला कायद्यात फसवणूक म्हणतात. पूर्वी ते कलम ४२० होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. हे मी, टंकलेखन करणाऱ्या बाईने, ठाण्यातल्या अधिकाऱ्यांना सांगावे आणि त्यांनी कंटाळून घड्याळाकडे पाहावे, हे मी विसरणार नाही. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ओटीपी दिला होता का, खाते रिकामे झाले का, एवढेच विचारण्यात आले आणि दोन्हीचे उत्तर नाही म्हणताच त्यांचा रस संपला. बँक म्हणाली, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या खऱ्या मदत केंद्राने, ते सेवा केंद्र आमचे नाही, सबब आम्ही काही करू शकत नाही, असे सांगून फोन ठेवला. आपल्याच नावाने लोक लुटले जात आहेत याचे त्यांना काहीही वाटले नाही. तो क्रमांक खोटा असल्याची तक्रार मी शोधसेवेकडेही नोंदवली, तरी तो अजून तिथेच झळकतो आहे.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही मी तपासला. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, आणि माझ्या बिलावर होते ०७, म्हणजे दिल्ली. दिल्लीच्या नोंदणीवर महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला बिल दिले तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर, लागायला हवा, इथे सीजीएसटी आणि एसजीएसटी असे एकाच राज्यातल्या व्यवहाराचे दोन भाग छापले होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. हे काम मिनिटभराचे आणि फुकट आहे. पैसे देण्यापूर्वी करा, बिल मागून ते हातात धरूनच करा. हाच कागद घेऊन मी पुन्हा ठाण्यात गेले, तर करचुकवेगिरीचा विषय आमचा नाही, असे उत्तर मिळाले.

ग्राहक आयोगाच्या कार्यालयात दुकानदार हा ग्राहक नसतो, असे मला एका लिपिकाने ऐकवले. हे चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू व सेवा वगळलेल्या असल्या, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याने त्यासाठी विकत घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तू त्यातून बाहेर ठेवलेल्या आहेत. माझ्यासारखी एकटीने दुकान चालवणारी बाई म्हणूनच ग्राहक ठरते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कोणी खिडकीवरून परत पाठवले तर परत येऊ नका, नकार लेखी मागा. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी ती नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे आणि पोच जपून ठेवली आहे.

एकट्या तक्रारीला कोणी विचारत नाही, हे मला आता पुरते कळले आहे. म्हणून ज्यांच्याकडे ०७ ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक आणि त्यावर सीजीएसटी लावलेले असे प्रिंटर दुरुस्तीचे बिल असेल, ज्यांचा फ्यूझर ‘कंपनीत जमा’ म्हणून नेला गेला असेल, त्यांनी बिल, यूपीआयची नोंद आणि दुरुस्तीआधीची व नंतरची छापील पाने फाडू नयेत. त्या पानांवरच्या डागांचे अंतर मोजून, तारीख आणि सही घालून ती तक्रारीला जोडावीत आणि आपापल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावीत.