‘डबा काढून पाठवतो’ म्हणणाऱ्या गंडम विक्रेत्यापासून सावध राहा

गंडमची, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवाची, सुटे भाग जोडून बनवायची मॉडेल किट्स ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी हे लिहितोय, त्यातही घरातल्या मुलांसाठी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी. इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याने मला अस्सल जपानी किट म्हणून नक्कल विकली. त्याची पद्धत इतकी पटण्यासारखी आहे की ती सविस्तर सांगायलाच हवी.

किट भाच्यासाठी होतं. त्याने १९७९ची मूळ मालिका सगळी पाहिली आहे आणि ती त्याच्या मनात घर करून बसली आहे. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. योशियुकी तोमिनो यांनी यंत्रमानवांची मालिका म्हणून जे केलं ती खरं तर युद्धात ओढल्या गेलेल्या पोरांची गोष्ट आहे. मालिकेचा नायक, पंधरा वर्षांचा आमुरो, सैनिक नाही. तो राहतो त्या अंतराळ वसाहतीवर हल्ला होतो, समोर माणसं मरतात आणि तो हातात सापडलेली माहितीपुस्तिका चाळत गंडममध्ये चढतो. पुढे तो थकतो, चिडतो, पळूनही जातो. मुलांच्या मालिकेत १९७९ साली हे दाखवायला धैर्य लागलं असणार. तेव्हा ते फारसं चाललंही नाही. खेळणी खपेनात, प्रेक्षक कमी, म्हणून ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत आटोपली. पुनःप्रक्षेपणात लोकांनी ती उचलून धरली, आणि जुलै १९८०मध्ये बंदाई या जपानी खेळणी कंपनीने ३०० येनला १/१४४ प्रमाणातलं पहिलं किट आणलं. पुढचं सगळं गंडमचं साम्राज्य उभं राहण्यात त्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा मोठा वाटा आहे. म्हणूनच मला भाच्याला खरं किट द्यायचं होतं.

विक्रेत्याने मास्टर ग्रेड, म्हणजे १/१०० प्रमाणातला आरएक्स-७८-२ (मालिकेतला मूळ गंडम) साडेचार हजारांना सांगितला. संशय यावा इतकी ही किंमत कमी नव्हती, आणि मला वाटतं तिथेच त्याची हुशारी होती. सोबत रनरचा फोटो पाठवला (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात ती चौकट). त्यावर बंदाईचं नाव स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाला, “दादा, जपानहून येताना कुरियरवाले वजनापेक्षा आकाराचे पैसे लावतात. डबा काढून पाठवला तर तुमचे हजार-बाराशे वाचतात.” कुरियर कंपन्या आकारमानावर पैसे लावतात हे खरंच आहे. खऱ्या गोष्टीत खोटं असं मिसळलं की ते वेगळं काढणं अवघड जातं. डबा नको असण्याचं खरं कारण हे की नक्कल किटच्या डब्यावर सहसा बंदाईचं नावच नसतं. डबा आला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

पार्सल फोडल्यावर आधी वास आला, रॉकेलसारखा उग्र. एकाही रनरवर कंपनीचं नाव नव्हतं. ते जिथे असायला हवं तिथे प्लास्टिक सपाट होतं. म्हणजे मला दाखवलेला फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी खऱ्या किटचा होता. रंगावरून ओळखायला जाऊ नका, नकलेतही पांढरा, निळा, लाल, पिवळा सगळे रंग वेगवेगळे असतात. फरक जोडताना कळतो. आजच्या अस्सल किटला गोंद लागत नाही, भाग दाबला की टक्कन बसतो. इथे छातीचे दोन भाग कानशीने घासावे लागले, आणि गुडघ्याचा सांधा इतका ढिला की मॉडेल उभंच राहीना. भाच्याने दोन्ही पाय धरून ठेवले आणि मला विचारलं, मी काही चुकीचं लावलं का? त्या माणसाला मी हे कधीच माफ करणार नाही. मुलाने मन लावून काम केलं होतं.

मालिकेत एक प्रसंग आहे. ऑक्सिजन कमी पडून भ्रमिष्ट झालेले आमुरोचे वडील त्याला एक जुनाट सुटा भाग देतात, हा लाव, गंडमची ताकद वाढेल म्हणून. आमुरो बाहेर पडून तो फेकून देतो. पण त्या बापाचा त्या भागावर खरोखर विश्वास होता. इथे विकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी तक्रार केल्यावर तो आधी “जपानमधूनच असं आलं असेल” म्हणाला. मग त्याने आपले सगळे संदेश मागे घेतले आणि मला ब्लॉक केलं. इन्स्टाग्रामवर पाठवणारा आपले संदेश तुमच्याकडूनही पुसू शकतो, त्यामुळे बोलणं चालू असतानाच स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडे ते होते, म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर नीट तक्रार देता आली. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. यूपीआयने स्वतःहून पाठवलेले पैसे बँक आपणहून परत फिरवत नाही, त्यामुळे कळताक्षणी फोन करा. माझे पैसे अजून आलेले नाहीत.

पैसे देण्याआधी त्याच किटच्या रनरचा फोटो मागा, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि त्या दिवशीची तारीख लिहायला सांगून. प्रामाणिक विक्रेत्याला याला दोन मिनिटं लागतात. आणि डबा हवाच म्हणून सांगा, जास्तीचे पैसे पडले तरी.

हा माणूस आता दुसऱ्या नावाच्या खात्यावरून विकतोय. फोटो तेच आहेत: हिरव्या कटिंग मॅटवर ठेवलेला रनर, उजव्या कोपऱ्यात निळ्या मुठीचा निप्पर (भाग कापून काढायची छोटी पक्कड). हा फोटो तुम्हाला कोणी पाठवला तर पैसे देऊ नका, आणि खात्याचा स्क्रीनशॉट काढून १९३०वर कळवा.