तांड्यावरच्या मुलांसाठी वाचनालयातला गोष्टीचा तास

बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दर शनिवारी सकाळी गोष्टीचा तास भरतो. घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलणारी तांड्यांवरील (बंजारा वस्त्यांवरील) मुले डोळ्यांसमोर ठेवून तो सुरू झाला असला, तरी गावातील मुलेही येतात, आणि माझा पुतण्या त्यांपैकीच एक. मुलासोबत घरातील मोठ्या माणसाने पूर्ण वेळ बसलेच पाहिजे, अशी येथे अट आहे.

ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालये स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठी असेच तास चालवतात. तेथील ग्रंथालय संघटनांनी २००४ मध्ये आणलेल्या ‘एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड’ या उपक्रमाचा भर पालकांना तयार करण्यावर आहे. बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे आणि खेळणे या पाच गोष्टी घरच्या भाषेत केल्या तरी शाळेच्या भाषेचा पाया पक्का होतो, असे त्यांना समजावले जाते. आमच्या ग्रंथपालबाई नेमके हेच करतात. पान उलटण्याआधी त्या थांबून “आता काय होईल?” असे विचारतात, मूल गोरमाटीत उत्तर देते, शेजारी बसलेली आजी त्यात भर घालते, आणि मग बाई तेच वाक्य मराठीत सावकाश म्हणतात. मुलाला चुकल्यासारखे वाटत नाही आणि आजीलाही कोपऱ्यात अंग चोरून बसावे लागत नाही.

पुस्तके मात्र तोकडी आहेत. बहुतेक चित्रकथा ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून उतरवून काळ्या-पांढऱ्या छापल्या आहेत, त्यामुळे ‘लाल फुगा कुठे आहे?’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. तेथील खुल्या परवान्यामुळे गोष्टींचे भाषांतर करून छापण्याची मुभा असताना वाचनालयाने एकही गोष्ट गोरमाटीत उतरवलेली नाही, हे खटकते. आज्या समोरच बसलेल्या असतात की!

माझी मुख्य तक्रार पुस्तके घरी न देण्याबद्दल आहे. अनामत भरल्याशिवाय पुस्तक मिळत नाही, आणि ऊसतोडीच्या मुकादमाने दिलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, ज्यांचे वर्ष निघते त्यांनी ती कोठून भरावी? दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे ऊसतोडीला निघाली की सतरंजी निम्मी रिकामी होते. जाताना प्रत्येक कोपीसाठी (ऊसतोड कुटुंबाच्या झोपडीसाठी) चार पुस्तकांची पिशवी दिली, तर फाटून परत येणाऱ्या पुस्तकांचे नुकसान वाचनालयाला सहज सोसता येईल. अमेरिकेत पॅट मोरा या लेखिकेच्या पुढाकाराने १९९७ पासून ३० एप्रिलला मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस साजरा होतो. तोवर आपल्याकडे हंगाम आटोपून बहुतेक कुटुंबे परतलेली असतात, तेव्हा पिशव्या जमा करण्याला ती तारीख सोयीची आहे.

प्रवेश विनामूल्य आहे. जाणाऱ्यांनी थोडे लवकर पोहोचावे, कारण पंखा एकाच बाजूला आहे.