बिनउंबऱ्याचे कौलारू घर: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या गावात बांधलेल्या नव्या घरात आम्ही गेल्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला राहायला आलो. त्याला आता 18 महिने होत आले. महिन्याभरातच लिहायला बसलो असतो तर केवळ कौतुकच लिहिले गेले असते. पण आमच्या भागात घराची खरी पारख आषाढात होते, आणि ती दोनदा झाल्यावरच लिहायचे असे ठरवले होते. चिरा, मातीची वीट आणि कौले वापरून, चाकाच्या खुर्चीतून फिरता येईल असे घर बांधण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा.

माझे मत आधीच सांगतो. घर स्वस्तात व्हावे, माती-लाकडाचे असावे आणि आईला त्यात एकटीने वावरता यावे, अशा आमच्या तीन अटी होत्या. मलप्रभा ज्या कणकुंबीला उगम पावते तिथून आम्ही फार दूर नाही, त्यामुळे पाऊस कसा असतो ते वेगळे सांगायला नको. अशा पावसात या तिन्ही अटी तोलून धरणारी गोष्ट एकच निघाली, ती म्हणजे रुंद वळचण. ती जिथे पुरेशी बाहेर आली तिथे सारे जमले, आणि जिथे ती आखूड पडली तिथे भिंत आणि उतार या दोघांनीही त्रास दिला.

जुने घर मातीचेच होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या तिन्ही नद्यांनी जिल्ह्यात हाहाकार माजवला. आमच्या गावात पूर आला नाही, पण आठ दिवस झड लागून राहिली आणि घराची पश्चिमेची भिंत रात्रीत बसली. त्यानंतर गावात मातीचे घर म्हटले की लोक मान हलवू लागले. ढिगारा उपसताना मी नीट पाहिले, तर भिंतीचा वरचा भाग कोरडा होता आणि खचली होती ती तळाची दीड-दोन फूट उंचीची पट्टी. पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून जे शिंतोडे उडत होते, ते वर्षानुवर्षे तिथेच बसत आले होते. पुढच्याच वर्षी परसातल्या न्हाणीच्या ओल्या पायरीवरून आई घसरली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून घरात वॉकर आणि बाहेर चाकाची खुर्ची, असे तिचे चालले आहे.

नव्या घरात खिडकीच्या तळापर्यंत चिरा आहे आणि त्यावर दाबून बनवलेली मातीची वीट आहे. ही वीट भट्टीत भाजत नाहीत. चाळलेल्या मातीत वाळू आणि शेकडा 7 ते 8 भाग सिमेंट मिसळून ती हाताने चालवायच्या यंत्रात दाबतात आणि तीन आठवडे पाणी मारतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानाच्या ‘अस्त्र’ या उपक्रमातून, जो 1974 साली सुरू झाला, या विटेवर बरेच काम झालेले आहे. माती आमच्याच परसातली, पायाच्या खोदाईतून निघालेली होती. वाळू तेवढी विकत आणली. यंत्र चालवणारी माणसे बैलहोंगल भागातली होती, त्यांना मराठी येत नव्हते आणि आमच्या गवंड्यांचे कन्नड बेताचेच होते, पण मुठीत माती दाबून गोळा होतो का ते बघण्यासाठी दोघांनाही भाषा लागली नाही. एक सावधगिरी मात्र सांगतो. दिवस मावळताना घाईने घातलेल्या विटा कच्च्या निघतात. आम्ही प्रत्येक विटेवर किल्ली ओढून पाहिली, जिच्यातून माती भुरभुरली ती बाजूला काढली, आणि अशा विटा शंभराच्या आसपास निघाल्या. आतून-बाहेरून गिलावा नाही, म्हणून तो खर्च वाचला. पण सांधे नीट भरणारा गवंडी मिळायला हवा, आणि तो जास्त दिवस घेतो, हे हिशेबात धरावे.

आता उतार आणि उंबरा. पावसाच्या मुलखात जोते उंच हवे आणि चाकाच्या खुर्चीला ते ठेंगणे हवे, ही ओढाताण कोणालाच चुकत नाही. आम्ही जोते 18 इंचांवर ठेवले. उताराचे मान 12 ला 1 धरायचे असते, म्हणजे 18 इंच चढायला 18 फूट लांबी लागते. ती अंगणात काढली असती तर सगळे अंगणच गेले असते, म्हणून उतार दक्षिणेच्या भिंतीला लागून पाणंदीपासून वर नेला आणि पूर्वेच्या दारासमोर 5 फूट लांबरुंद सपाट जागा सोडली, जिथे खुर्ची वळवता येते. उताराची रुंदी 4 फूट आणि कठड्याची उंची पावणेतीन फूट आहे. दाराच्या चौकटी अशा घेतल्या की आतून मोकळी वाट 3 फूट मिळावी.

उंबऱ्यावरून घरात बरीच चर्चा झाली. उंबरा पुजायचा असतो, त्यावर रांगोळी काढायची असते, आणि तो काढायला नाही म्हणणारी आईच होती. शेवटी शहाबादी फरशीची अर्धा इंच उंचीची पट्टी दोन्ही बाजूंनी घासून उतरती केली आणि चौकटीत बसवली. सणावाराला तिला हळदीकुंकू लागते आणि चाक तिच्यावरून धक्का न बसता जाते. अर्धा इंच उंबरा पाणी अडवू शकत नाही, हे उघड आहे. पाणी अडवते ती वळचण आणि दाराबाहेर बाहेरच्या बाजूला दिलेला हलका ढाळ. दोन्ही पावसाळ्यांत पूर्वेच्या दारातून आत पाणी आले नाही.

दक्षिणेची गोष्ट निराळी झाली. छपरासाठी जुन्या घराचे नाणा आणि किंदळ यांचे वासे वापरले, कारण लाकूड उत्तम होते आणि नवे घेणे परवडणारे नव्हते. उतारावर 4 फुटांची वळचण ठरली होती. पण शेवटच्या 6 फुटांत, पाणंदीच्या टोकाला, वासे लांबीला कमी पडले आणि तिथे वळचण दीड फुटावरच थांबली. एवढ्याने काय होणार, असे मी तेव्हा म्हटले, ती चूक माझी. तरण्या पावसात नैऋत्येकडून सपकारे बसू लागले आणि त्या 6 फुटांतली भिंत देवीचे व्रण असावेत तशी खड्ड्याखड्ड्यांची झाली. काही ठिकाणी बोटाचे पेर बसेल इतके कोरले गेले. त्याच भागात उतारावर हिरवे शेवाळ धरले. श्रावणात आईला दवाखान्यात नेताना खुर्चीचे मागचे चाक तिथे सरकले. कठडा हाताशी होता म्हणून ती सावरली. त्या सकाळी मला जे वाटले ते अजून विसरलेलो नाही.

दिवाळीनंतर लोखंडी पाइपाचे तीन घोडे भिंतीत चिऱ्याच्या थरापर्यंत रोवून वळचण पुढे काढली, मातीत सिमेंट आणि चुना कालवून भिंतीचे खड्डे भरले आणि उताराला आडव्या खाचा पाडल्या. सगळे मिळून 14 हजार रुपये लागले. आधीच केले असते तर यातले निम्मे लागले असते, असे सुतार म्हणाले. या वर्षीच्या पावसाळ्यात त्या भिंतीला काही झाले नाही. शेवाळ अजूनही थोडे धरते, म्हणून दर आठ दिवसांनी तिथे ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासावे लागते, आणि पावसाळाभर हे काम चुकवून चालत नाही.

न्हाणी आणि संडास घरातच, 5 बाय 7 फुटांच्या जागेत आहेत, आणि दार सरकते आहे. बैठकीची उंची 18 इंच ठेवली, कारण खुबा दुखावलेल्या माणसाला खालून उठणे जमत नाही. इथे एक चूक झाली, जी दुसऱ्या कोणाकडून होऊ नये. आधाराची दांडी नेहमीसारखे प्लास्टिकचे गुल्ले ठोकून मातीच्या विटेत बसवली. दोन महिन्यांत ती हलू लागली, आणि एके दिवशी आईने भार टाकताच एक बाजू गुल्ल्यासकट हातात आली. मातीच्या विटेत गुल्ला धरत नाही. आता भिंतीतून आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळली आहे, आणि मी स्वतः लोंबकळून पाहिल्यावरच आईला हात लावू दिला. ज्यांचे बांधकाम अजून व्हायचे आहे त्यांनी दांडी येणार त्या जागी दोन थर चिऱ्याचेच घ्यावेत.

रुंद वळचणीचा तोटाही आहे. पावसाळ्यात सोप्यात दुपारी दिवा लावावा लागत असे. काचेची चार कौले बसवल्यावर ती अडचण बरीच कमी झाली. वानरे कौले फोडतात, त्याला उपाय नाही. म्हणून 50 कौले परसात रचून ठेवली आहेत. उन्हाळ्याबद्दल तक्रार नाही. पन्हळीचे पाणी 5,000 लिटरच्या टाकीत घेतले आहे. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, आणि वळचणीसकट आमचे छप्पर 90 चौरस मीटर आहे, तेव्हा 50 मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात टाकी जवळजवळ भरते. ती उन्हाळ्याला पुरत नाही, पण पागोळ्या भिंतीच्या तळाशी आपटणे थांबले, याचे मोल मला पाण्याहून अधिक वाटते.

खर्चाचे बोलायचे तर 620 चौरस फुटांना सुमारे 9 लाख लागले, आणि तेही लाकूड व बरीचशी कौले जुनी होती म्हणून. त्यातले 31 हजार रुपये उतार, कठडे, रुंद चौकटी आणि न्हाणीतल्या दांड्या यांवर गेले. ही रक्कम कमी दिसते, याचे कारण सगळे जोत्याच्या आखणीतच ठरले होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाटीवरच्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे 270 चौरस फुटांच्या आसपासचे असावे लागते. एवढ्या पैशांत आमच्यासारखे घर होणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तेवढ्या घरातही चौकट 3 फुटांची, संडास घरात आणि वळचण 3 फुटांची ठेवता येते, आणि त्यासाठी लागणारा जादा खर्च कुटुंबाला पेलणारा आहे.

आई फारसे बोलत नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंनी तिला घर कसे वाटते ते विचारले. ती म्हणाली, “रातीला उठायचं झालं तर कुणाला हाक मारायला लागत न्हाई बघ.”

त्याच काकूंचे घर आता योजनेतून मंजूर झाले आहे, आणि काकांनाही गुडघ्यांमुळे पायरी चढवत नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या जोत्याची आखणी झाली. आमचेच गवंडी होते. दोरी धरताना त्यांनी दाराची जागा कोणी न सांगता 3 फुटांची धरली, आणि मग सुताराला हाक मारून वासे किती फुटांचे आहेत ते आधी मोजायला लावले.